अपुरी झोप, बिघडलेले मन आणि भुताचा भास



घरातला देव्हारा गेला, गंडेदोरे गेले, आपण बुद्धाला शरण गेलो. परंतु घरात कोणी चार रात्री जागून काढल्या, असंबद्ध बोलू लागले, कोपऱ्यात कोणी उभे आहे असे सांगू लागले, की वडीलधारी माणसे अजूनही दबक्या आवाजात म्हणतात, "हे बाहेरचे दिसते." मग सायंकाळी विहारात वंदना करणारे कुटुंब रात्री भगताच्या दारी जाऊन बसते.

असे का होते? भूत नाही, हे आपण पाठ केले. पण तो भास कशाने झाला, हे आपण समजून घेतले नाही. जुने उत्तर काढून टाकले आणि त्या जागी खरे उत्तर ठेवले नाही, तर अडचणीच्या वेळी जुनेच उत्तर परत येते. यास्तव आजच्या पाठात आपण झोपेचा विचार करणार आहोत. विषय साधा वाटेल, पण या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे अनेक घरे देवऋषीच्या हाती सापडली आहेत.

१. झोप म्हणजे काय?

झोप म्हणजे आळस नव्हे, किंवा मेंदू बंद पडणेही नव्हे. १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठराविक काळाने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात आणि त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. ठळक स्वप्ने बहुधा याच वेळी पडतात. गाढ झोप आणि स्वप्नाची झोप यांचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा असतो, आणि रात्रीतून असे चार ते सहा फेरे होतात. दिवसभरात शिकलेले पक्के करणे, भावना शांत करणे आणि शरीराची डागडुजी करणे ही कामे या काळात चालतात.

प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० तास लागतात. तेव्हा दहावीतला मुलगा सकाळी लवकर उठत नाही म्हणून त्याला लगेच आळशी ठरवू नका. तो रात्री किती वाजता झोपला ते आधी विचारा.

२. जागरणाची दोन उदाहरणे

जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्क शहरात पीटर ट्रिप नावाच्या रेडिओ निवेदकाने एका मदतनिधीसाठी २०१ तास, म्हणजे आठ दिवसांहून अधिक काळ जागे राहण्याचा कार्यक्रम केला. रस्त्यावरून लोकांना दिसेल अशा काचेच्या खोलीत तो बसे. डॉक्टर त्याच्यावर लक्ष ठेवून होते आणि शेवटी शेवटी त्याला जागे ठेवण्यासाठी उत्तेजक औषधेही दिली गेली. काही दिवसांतच त्याला आपल्या बुटात कोळ्याची जाळी दिसू लागली. अखेरीस तर, तपासायला आलेला काळ्या पोशाखातील डॉक्टर आपल्याला पुरायला आला आहे असे वाटून तो घाबरून पळू लागला.

पुढे डिसेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६४ पर्यंत सॅन दिएगो येथील रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सुमारे २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. विल्यम डिमेंट हे निद्राशास्त्रज्ञ त्याची पाहणी करीत होते. दुसऱ्या दिवशी त्याची नजर एका जागी ठरेना. चौथ्या दिवशी रस्त्यावरची पाटी त्याला माणूस वाटली. अकराव्या दिवशी त्याला १०० मधून सात-सात वजा करीत जाण्यास सांगितले. तो ६५ पर्यंत आला आणि थांबला. का थांबलास असे विचारले, तर आपण काय करीत होतो हेच तो विसरला होता. नंतर तो १४ तासांहून अधिक झोपला आणि हे भास गेले. असले विक्रम शरीराला धोक्याचे म्हणून गिनीज बुकाने १९९७ पासून त्यांची नोंद घेणे बंद केले.

आता विचार करा. हीच लक्षणे आपल्या एखाद्या वस्तीत, चार रात्री न झोपलेल्या तरुणीत दिसली असती, तर लोक काय म्हणाले असते? पाटीचा माणूस दिसला तर म्हणाले असते, लागीर झाले. डॉक्टरला पाहून पळाली तर म्हणाले असते, अंगातले भूत डॉक्टरला भिते. न्यूयॉर्कच्या काचेच्या खोलीत भूत शिरले नव्हते आणि त्या तरुणीतही शिरत नाही. मेंदू सर्व माणसांचा सारखाच आहे.

३. मन असे का फसते?

आपण डोळ्यांनी जे पाहतो ते अपुरे असते. उरलेला भाग मेंदू अनुभवाने आणि अपेक्षेने भरून काढतो. मेंदू ताजा असेल तर तो आपली चूक लगेच दुरुस्त करतो. खुंटीवरचा सदरा क्षणभर माणूस वाटला तरी पुढच्या क्षणी सदराच दिसतो. थकलेल्या मेंदूकडून ही दुरुस्ती होत नाही. शिवाय न झोपलेल्या माणसाला काही सेकंदांच्या डुलक्या लागतात, त्या त्याच्याही ध्यानात येत नाहीत, आणि स्वप्नातले तुकडे जागेपणात मिसळतात.

सलग जागरण एक-दोन दिवसांचे झाले की वस्तू लहानमोठ्या किंवा हलताना दिसणे, वेळेचे भान जाणे, चिडचिड हे सुरू होते. तिसऱ्या दिवसापर्यंत नसलेले दिसणे आणि नसलेले ऐकू येणे घडू शकते. त्याही पुढे लोक आपल्या वाईटावर आहेत असा संशय मनात बसतो.

भावनांचेही तसेच. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात, एक रात्र न झोपलेल्या तरुणांना क्लेशदायक चित्रे दाखविली, तेव्हा मेंदूतील भीती व रागाशी संबंधित केंद्र झोपलेल्या तरुणांच्या मानाने सुमारे ६० टक्के अधिक चेतले. घरात कारण नसताना भांडण पेटते तेव्हा, काल रात्री कोण किती झोपले, हेही विचारून पाहावे. ज्यांना दीर्घकाळ निद्रानाश असतो त्यांना पुढे नैराश्याचा आजार जडण्याचा संभव इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो.

आपण पाचवे शील घेतो ते दारूने प्रमाद होतो म्हणून. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात असे आढळले, की सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची हातोटी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असणाऱ्या माणसाइतकी खालावते. आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यास कायद्याने ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे दारूचा थेंब न घेताही जागरणाने प्रमाद घडतो. रात्रपाळी करून रिक्षा किंवा ट्रक चालविणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विसरू नये.

४. तीन प्रसंग, ज्यांत लोक फसतात

पहिला: झोपेत छातीवर कोणी बसले, अंग हलेना, ओरडता येईना. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणजे माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडीत नाही. कधी मन आधी जागे होते आणि शरीर काही सेकंद मागे राहते. त्या वेळी स्वप्नातली आकृतीही समोर दिसते. अपुऱ्या व अनियमित झोपेने हे अधिक होते. थोड्या वेळात ते आपोआप सुटते.

दुसरा: बाळंतीण. बाळंतपणानंतर झोप तुटते, शरीरातील रसायने झपाट्याने बदलतात. दर हजार बाळंतिणींत एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, गंभीर मनोविकार होतो. ती झोपत नाही, भलते बोलते, बाळाविषयी विचित्र शंका घेते. ही तातडीने इस्पितळात नेण्याची बाब आहे. येथे अंगारा-उताऱ्यात गेलेला एक दिवस आई आणि बाळ या दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

तिसरा: अंगात येणे. रात्रभर जागरण, उपास, वाद्यांचा गजर आणि आता देव येणार ही सर्वांची अपेक्षा, इतके एकत्र आल्यावर थकलेले मन आपला ताबा सोडते यात नवल नाही. ज्याच्या अंगात येते तो प्रत्येक वेळी ढोंगी असतोच असे नाही. म्हणून त्याची टिंगल न करता त्याला कारण समजावून द्या.

५. तथागतांची शिकवण

काहींना वाटते की जितके जागावे तितकी साधना मोठी. तथागतांनी उरुवेला येथे कठोर देहदंड सोसून तो व्यर्थ ठरविला आणि मध्यम मार्ग सांगितला. अंगुत्तर निकायात एक सुत्त आहे. मगधातील एका गावी महामोग्गल्लान ध्यानाला बसले असता त्यांना डुलक्या येत होत्या. तथागतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले: धम्माचे चिंतन करावे, पाठ म्हणावा, कान ओढून अंग चोळावे, डोळ्यांना पाणी लावून ताऱ्यांकडे पाहावे, चंक्रमण करावे. आणि एवढे करूनही झोप जात नसेल, तर उजव्या कुशीवर स्मृती ठेवून झोपावे. शिष्यांत अग्रगण्य मानलेल्या मोग्गल्लानांनाही तथागतांनी शेवटी झोपावयास सांगितले, हे लक्षात ठेवा.

त्याच निकायात आळवी येथील हत्थक तथागतांना थंडीत पानांच्या अंथरुणावर पाहून, झोप सुखाची झाली का, असे विचारतो. तथागत होकार देतात. माडीवर मऊ बिछान्यात निजणारा मनुष्यही राग, द्वेष व मोह यांनी जळत असेल तर तळमळतो, हे त्यांनी त्याला समजाविले. मैत्रीभावनेच्या लाभांतही सुखाने झोपणे आणि सुखाने उठणे यांची गणना केली आहे.

परंतु कोणी तीन-चार रात्री झोपलेला नसेल आणि त्याला भास होत असतील, तर त्याला तासन्तास ध्यानाला बसवू नका. त्याला आधी डॉक्टरची गरज आहे.

६. विद्यार्थ्यांसाठी

१४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या ज्ञाननिष्ठेला ते अभिवादन आहे आणि ते जरूर करावे. पण एका दिवसाचे अभिवादन म्हणजे वर्षभराचे वेळापत्रक नव्हे. पाठ केलेले पक्के होते ते झोपेत. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण जागणारा मुलगा वर्षभराची मेहनत आपल्या हाताने पुसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. घटनेच्या मसुद्याच्या प्रचंड कामानंतर बाबासाहेबांना झोप लागेना, पायांत वेदना होत. तेव्हा ते उपचारासाठी मुंबईस डॉक्टरांकडे गेले. तेथे ज्यांच्याशी परिचय झाला त्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा कसला?

७. घरात काय करावे?

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. दुपारी चारनंतर चहा घेऊ नका. तंबाखू आणि मिशरी यांनी झोप उडते. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेसाठी घेतो ही सबब खोटी आहे. झोपण्याच्या तासभर आधी मोबाईल दूर ठेवा. घर एका खोलीचे असेल तर ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून दिवा आणि टीव्ही बंद करावा. जयंतीचे ध्वनिक्षेपक वेळेवर बंद करणे हीदेखील शेजाऱ्यांविषयीची मैत्री आहे. अर्ध्या तासात झोप आली नाही तर तळमळत न पडता उठून बसा, शांतपणे श्वासाकडे लक्ष द्या आणि डोळे जड झाल्यावर आडवे व्हा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आणि पुरुषांना मुद्दाम सांगावयाचे ते हे. घरात सर्वांत शेवटी कोण झोपते आणि पहाटे नळाला पाणी आले की सर्वांत आधी कोण उठते? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे. समतेची सुरुवात भांडी घासण्यात आणि पाणी भरण्यात वाटा उचलून करता येते. बाळ रात्री रडले तर एक पाळी बापाचीही असावी.

८. डॉक्टरकडे केव्हा जावे?

तीन आठवडे झोप नीट येत नसेल. माणूस दोन-तीन रात्री अजिबात झोपला नसेल. झोप न घेताही तो अतिशय उत्साहात असून अफाट खर्च किंवा बडबड करीत असेल. भास होत असतील. किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर थांबू नका. शेवटच्या तीन बाबतींत तर त्याच दिवशी न्या आणि माणसाला एकटे सोडू नका. प्रत्येक भास जागरणानेच होतो असे नाही. ताप, दारू एकाएकी सुटणे आणि इतर मनोविकार यांनीही होतो, आणि पुष्कळदा झोप जाणे ही आजाराची पहिली खूण असते. हे निदान डॉक्टरनेच करावयाचे आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा मोफत सल्ला देते.

भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणी माणसाला मारीत असेल, बांधून ठेवीत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांत तक्रार द्या.

कारण असल्याशिवाय कार्य होत नाही, ही आपल्या धम्माची पहिली शिकवण. घरात कोणी भेदरून कोपऱ्याकडे बोट दाखवील तेव्हा प्रथम त्याचा हात धरा आणि विचारा, "तू किती रात्री झोपला नाहीस?"

कुटुंबात बसून चर्चेसाठी प्रश्न:

१. आपल्या घरात सर्वांत कमी झोप कोणाला मिळते? का?
२. रँडी गार्डनरला पाटीचा माणूस का दिसला?
३. तथागतांनी महामोग्गल्लानांना शेवटी काय करण्यास सांगितले?
४. बाळंतीण झोपत नसेल व भलते बोलत असेल तर प्रथम काय करावे?

जय भीम.