सहलीचा पाठ : लाल महाल ते सिंधुदुर्ग

कोकणकिनारा पाहण्यास दरवर्षी असंख्य प्रवासी जातात. शाळेच्या सहलीचा हेतू मात्र केवळ समुद्रदर्शन हा नसावा. निघण्यापूर्वी पाठास पुण्याच्या कसबा पेठेतील लाल महालापासून आरंभ करावा. मूळ वाडा आज उरलेला नाही; पण याच ठिकाणी १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला. पुढील वर्षी, १६६४ मध्ये, मालवणनजीक कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. डोंगरी मुलखाच्या राजास समुद्रात किल्ला का हवा होता, हे मुलांस नकाशावर शोधू द्यावे.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या समुद्रात गोडे पाणी कोठून येते, हा प्रश्न भूगोलाच्या तासास घ्यावा. पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीची लाकडी खेळणी व दशावतारी खेळ दाखविताना कलावंताचे काम त्याच्याच तोंडून ऐकवावे.

परतल्यावर प्रत्येक मुलाने स्वतःच्या गावातील एखाद्या जुन्या विहिरीची वा कारागिराची माहिती मिळवून लिहावी. परंपरा दूरदेशीच असते, ही समजूत मुलांच्या मनातून गेली, तर सहल सफल झाली असे समजावे.