आरशातील गुरू

पोहण्यावरील ग्रंथ कितीही वाचले, तरी पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही. शरीराचे कौशल्य ऐकून समजते. परंतु ते अंगी बाणते करूनच. म्हणून नर्तकाला, मल्लाला आणि वादकाला गुरूचे सान्निध्य आवश्यक असते. पण गुरू सदैव जवळ नसेल, तर काय करावे?

संशोधकांनी यावर एक उपाय शोधला आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या खऱ्या जगात संगणकाने रेखाटलेल्या आकृती मिसळल्या, की त्यास ‘मिश्र वास्तव’ म्हणतात. त्यात गुरूची प्रतिमा शिष्यापुढे उभी करता येते. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी असा एक आरसा तयार केला. शिष्य त्यापुढे उभा राहिला, की कॅमेरा त्याच्या हालचाली टिपतो. आरशात त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि त्यावरच रेषांनी काढलेली गुरूची आकृतीही दिसते. हात कोठे कमी उचलला, पाय कोठे चुकला, हे त्याच्या तत्काळ ध्यानात येते. केवळ चित्रफीत पाहून शिकणाऱ्यांपेक्षा आरशापुढे शिकणाऱ्यांची प्रगती सुमारे दुप्पट झाली, असे त्यांच्या प्रयोगात आढळले.

ताइ-ची या चिनी व्यायामप्रकारात निराळीच अडचण येते. अंगाबरोबर मानही वळते आणि समोरचा गुरू दृष्टिआड होतो. तैवानमधील संशोधकांनी २०१७ साली विशेष चष्म्याच्या साहाय्याने शिष्याच्या सभोवती गुरूच्या अनेक प्रतिमा उभ्या केल्या. शिष्य जिकडे पाही, तिकडे गुरू!

परंतु यात एक धोका आहे. मार्गदर्शन अखंड मिळत राहिले, तर शिष्य प्रतिमेचे केवळ अनुकरण करतो. ती दूर होताच त्याचे पाऊल अडखळते. म्हणून कॅनडातील त्या आरशात साहाय्य पायरीपायरीने कमी होत जाते. प्रथम गुरू हालचाल करून दाखवितो, मग शिष्याबरोबर करतो, पुढे त्याची आकृती नाहीशी होते आणि अखेरीस शिष्याला स्वतःच्या स्मरणावर विसंबावे लागते.

हा गुरू शिष्याचा वाकलेला खांदा हाताने सरळ करू शकत नाही, की त्याची भीती ओळखून पाठीवर हात ठेवू शकत नाही. ती कामे जिवंत गुरूचीच होत. तथापि, शिष्य आपल्यावाचून उभा राहावा, ही प्रत्येक चांगल्या गुरूची इच्छा त्या आरशाच्या रचनेतही उतरली आहे.

स्वाध्याय
१. ‘मिश्र वास्तव’ म्हणजे काय?
२. ताइ-ची शिकताना कोणती अडचण येते? ती कशी दूर केली?
३. आरशातील गुरू साहाय्य कमी का करीत जातो?
४. वाक्यात उपयोग करा : अंगी बाणणे, दृष्टिआड होणे.