सुईणींचा ताण आणि 'आध्यात्मिक बुद्धिमत्ता'

यंदाच्या निधीतून इथल्या मॅटर्निटी वॉर्डातल्या मिडवाइफना काही द्यावे असे बैठकीत निघाले, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "अध्यात्माचे शिबिर घेऊया की! ताण जाईल." वाचून सांगायचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले. रात्री सर्व्हर पडला की उठतो, त्यामुळे ताणातले आपल्याला सगळे कळते असा आमचा (गैर)समज.

सुईण म्हटले की आपल्याला गावाकडची आजी आठवते. ब्रिटनमधली मिडवाइफ मात्र साधारण तीन वर्षांची पदवी घेते, नोंदणी करते आणि सरळ बाळंतपण डॉक्टरशिवाय पार पाडते. पाळी बहुधा बारा तासांची.

'आध्यात्मिक बुद्धिमत्ता' हा शब्द डॅना झोहर यांनी १९९७ च्या सुमारास रूढ केला. कॅनडातल्या डेव्हिड किंग यांनी २००८ साली ती मोजायला २४ प्रश्नांची प्रश्नावली केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: जगण्यामरण्याबद्दल खोल विचार, आपल्या कामात अर्थ शोधणे, देहापलीकडे काही असल्याची जाणीव, आणि मन हवे तेव्हा शांत अवस्थेत नेता येणे. देवधर्म हवाच असे नाही. बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी मात्र हिला आपल्या यादीत घेतले नाही.

इराणमध्ये परिचारिका व सुईणींना असे प्रशिक्षण देऊन अभ्यास झाले आहेत. गटात बसून बोलायचे, ध्यान, स्वतःच्या कामाकडे पुन्हा बघायचे. मग प्रश्नावली भरून आधीचा आणि नंतरचा ताण ताडून पाहायचा. इथे आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. आपल्याला प्रशिक्षण मिळाले हे ज्या गटाला ठाऊक आहे, तो 'बरे वाटले' असे लिहिणारच ना थोडेफार!

खरी गाठ पडली ती २०१८ च्या एका अहवालाशी. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्हजसाठी ब्रिटनमधल्या सुमारे दोन हजार मिडवाइफची पाहणी केली. ८३ टक्के जणी एकूणच पार थकलेल्या, ६७ टक्के कामाने थकलेल्या. पण आया-बाळांमुळे थकलेल्या? फक्त १५.५ टक्के. हा आकडा आम्ही दोनदा तपासला. म्हणजे कामातला अर्थ बहुतेकींच्या हाताशी आहेच. तो शिकवायला आपण कोण जाणार?

आमच्या ओळखीच्या एक ताई मिडवाइफ आहेत, त्यांना विचारले. "अरे, बाळ दगावतं तेव्हा लागतं असं काहीतरी. घरी येऊन रात्रभर छताकडे बघते मी. त्या वेळी कुणी नीट ऐकून घेतलं तर फार बरं वाटतं. पण वॉर्डात माणसं कमी म्हणून जेवण राहतं, त्यावर ध्यान काय करणार? आणि शिबिर माझ्या सुट्टीच्या दिवशी ठेवू नका बाई!"

इंग्लंडमध्ये २०१७ पासून प्रोफेशनल मिडवाइफरी अॅडव्होकेट नावाची व्यवस्था आहे. त्यासाठी शिकलेली मिडवाइफ सहकारी मिडवाइफचे मन मोकळे करून घेते. अडचण वेळेची. पाळी सोडून बोलायला बसायचे, तर तेवढा वेळ वॉर्डात दुसरी हवी.

म्हणून आमचा प्रस्ताव असा: शिबिर घ्यायचेच तर छोटे, ऐच्छिक, ड्यूटीच्या पगारी वेळेत, रुग्णालयाने तसे लेखी दिले तरच. नाहीतर ती रक्कम विश्रांतीच्या खोलीसाठी. ताईंनी सांगितले ते एवढेच: पाठ टेकता येईल अशा चार खुर्च्या आणि एक चांगला मायक्रोवेव्ह. कोटेशन मागवले आहे, पुढच्या बैठकीत ठेवू.