मेजकरवतीची मांडणी

सुताराचा धंदा हा प्राचीन व प्रतिष्ठित धंदा होय. आपल्या प्रभूनें नासरेथ गांवीं याच धंद्यांत आपलें तारुण्य वेचलें. मार्काच्या शुभवर्तमानांत त्याचे गांवकरी त्यास सुतार म्हणूनच ओळखतात. त्या काळचीं हत्यारें मनुष्याच्या दंडाच्या बळावर चालत, व हात थकला कीं हत्यारही थांबे. आतां यंत्रांचा काळ आहे. यंत्र थकत नाहीं, आणि मनुष्य चुकला म्हणून तें थांबतही नाहीं. यास्तव हत्यारापेक्षां यंत्राचें शिक्षण अधिक काळजीनें दिलें व घेतलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण पुढें तांत्रिक शाळेंत, कारखान्यांत अथवा घरच्या धंद्यांत शिरतील. त्यांच्याकरितां लाकूडकामांतील एका अत्यंत उपयुक्त व तितक्याच धोकादायक यंत्राचा हा पाठ आम्ही लिहीत आहों.

इंग्रजींत ज्यास टेबल सॉ म्हणतात, त्यास आपण येथें मेजकरवत म्हणूं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर यांनीं १७७७ सालीं घेतलेल्या पेटंटांत फिरत्या चकतीच्या करवतीचा उल्लेख आढळतो. त्यानंतर या यंत्राचीं रूपें पुष्कळ बदललीं, परंतु मूळ रचना साधीच राहिली. एक सपाट लोखंडी मेज असतें. त्याच्या मध्यावरील फटींतून दातेरी पोलादी चकती थोडी वर आलेली असते, व मेजाखालील मोटर तिला फिरविते. चकतीच्या बाजूस फेन्स नांवाची एक सरळ पट्टी असते. तिला फळी टेकवून ती लांबीच्या दिशेनें फाडावयाची. मेजावर लांब सरळ खांचा खोदलेल्या असतात. त्यांतून मायटर गेज नांवाचें साधन सरकतें, व त्याच्या आधारानें फळी आडवी कापावयाची.

हाताच्या करवतीनें कापतांना लाकूड पायाखालीं दाबून धरलेलें असतें व करवत चालते. येथें करवत जागच्या जागीं फिरते व लाकूड चालतें. लाकूड चालावयाचें म्हणजे तें ढकलणारे हातही चकतीकडेच चालले. या यंत्राच्या धोक्याचें मूळ येथें आहे.

चकतीच्या वेगाचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. १० इंची चकतीचा व्यास २५४ मिलिमीटर, म्हणून तिचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर होतो. ती मिनिटास ४,००० फेरे घेत असल्यास तिचे दाते मिनिटास सुमारे ३,२०० मीटर, म्हणजे ताशीं सुमारे १९० किलोमीटर वेगानें धांवतात. चकतीस ४० दाते असल्यास एका सेकंदांत २,६०० हून अधिक दाते एकाच बिंदूवरून जातात. मनुष्यास धोका जाणवून हात हलविण्यास साधारणपणें एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळांत ५०० हून अधिक दाते निघून गेलेले असतात. ‘कांहीं झालेंच तर हात मागें घेईन’ या भरंवशास येथें कांहीं अर्थ नाहीं.

दुसरा धोका याहून कमी ओळखीचा आहे. चकतीच्या पुढील बाजूचे, म्हणजे आपल्याकडील, दाते खालीं जात असतात. ते लाकूड मेजावर दाबून धरतात. मागील बाजूचे दाते मात्र वर येत असतात. चिरली जात असलेली फळी किंचित् तिरपी होऊन या मागील दातांस घासली, तर ते तिला उचलतात व चकतीच्या वेगानें काम करणाऱ्याच्या अंगावर फेंकतात. यास किकबॅक म्हणतात. आपण त्यास लाकडाची उसळी म्हणूं. उसळलेल्या फळीनें पोटास किंवा छातीस मार बसतोच, परंतु तिच्यावर टेकलेला हातही त्याच क्षणीं चकतीकडे ओढला जातो.

आतां ही फळी तिरपी कां होते? पुष्कळ वेळां कारागिराचा हात निर्दोष असतो व यंत्राची मांडणी सदोष असते. फेन्स मागील टोंकास चकतीच्या जवळ सरकलेली असली, तर कारागीर कितीही सावध असो, फळी दोहोंच्या मध्यें चिमटली जाणारच. म्हणून या पाठाचें मुख्य सूत्र आम्ही प्रथमच सांगून ठेवतों : मेजकरवतीवर सावधपणाच्या अगोदर समांतरपणा आला पाहिजे. जी मांडणी काम अचूक करते, तीच बोटांचें रक्षण करते.

मांडणीस हात लावण्यापूर्वीं विजेचा प्लग काढावा व तो आपल्या दृष्टीसमोर ठेवावा. केवळ बटण बंद करणें पुरेसें नाहीं. दुसऱ्या कोणाचा हात त्यावर पडूं शकतो. त्यानंतर पुढील क्रमानें तपासणी करावी.

(१) चकती. ती स्वच्छ, धारदार व न वांकलेली असावी. वरच्या बाजूचे दाते काम करणाऱ्याकडे तोंड करून असले पाहिजेत. बोथट चकतीस लाकूड जोरानें ढकलावें लागतें, आणि जोरानें ढकलणारा हात निसटला कीं पुढेंच जातो.

(२) चकती व खांच. मेजावरील खांच ही कायमची खोदलेली असते. म्हणून तिलाच प्रमाण मानून बाकीचे सर्व भाग तिच्याशीं जुळवावे. चकती पूर्ण वर घ्यावी. एका दातावर खडूची खूण करावी. तो दात पुढें आणून, खांचेपासून त्याच्यापर्यंतचें अंतर सरकत्या पट्टीच्या गुण्यानें मापावें. नंतर चकती हातानें फिरवून तोच दात मागें न्यावा व पुन्हां मापावें. दोन्ही वेळां तोच दात घेण्याचें कारण असें कीं, चकतींत किंचित् वांक असला तरी त्याचा मापावर परिणाम होत नाहीं. दोन मापांत साध्या कागदाच्या जाडीहून, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटरहून, अधिक फरक नसावा. असल्यास चकतीचा सांगाडा, किंवा कांहीं यंत्रांत मेजच, ज्या बोल्टांनीं बसविलेलें असतें ते सैल करून लाकडी मोगरीनें हलकेच ठोकावें. बोल्ट आवळतांना सांगाडा पुन्हां सरकतो. म्हणून आवळल्यानंतर पुन्हां मापल्याशिवाय काम पुरें झालें असें मानूं नये.

(३) फेन्स. ती जागेवर पक्की करून खांचेपासून तिचें अंतर पुढील व मागील अशा दोन्ही टोंकांस मापावें. दोन्ही मापें सारखीं असावीं. कित्येक अनुभवी कारागीर मागील टोंक कागदाच्या जाडीइतकें चकतीपासून दूर ठेवतात, तें चालेल. तें चकतीच्या जवळ मात्र कदापि असूं नये.

(४) काटकोन. चकती मेजाशीं काटकोनांत आहे कीं नाहीं, हें गुण्या लावून पाहावें. गुण्या दातांस न टेकवितां दोन दातांमधून चकतीच्या सपाट पत्र्यास टेकवावा. कारण दाते पत्र्याहून रुंद असतात व माप फसवें येतें. खात्रीसाठीं एक फळी कापून तिचा एक तुकडा उलटा करावा व दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींस भिडवाव्या. मध्यें फट दिसली, तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. म्हणून बारीक दोषही या रीतीनें डोळ्यांस दिसतो.

(५) विभाजक पट्टी. चकतीच्या मागें उभी असणारी ही पातळ पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती या यंत्राची खरी पहारेकरीण होय. कापलेली चीर मिटूं न देणें व फळीस मागील दातांकडे वळूं न देणें हें तिचें काम. ती चकतीच्या बरोबर रेषेंत असावी. तिची जाडी चकतीच्या पत्र्याहून अधिक, परंतु चिरेच्या रुंदीहून कमी असली पाहिजे. उदाहरणार्थ, पत्रा २.२ व चीर ३.२ मिलिमीटर असल्यास २.५ ते २.८ मिलिमीटरची पट्टी योग्य होय. चकती व पट्टी यांमधील अंतर ३ ते ८ मिलिमीटर असावें. चकती बदलल्यास ही जुळणी नव्यानें तपासावी.

(६) उंची, फटीची पट्टी व झांकण. चकती लाकडाच्या वर सुमारे ३ ते ६ मिलिमीटर इतकीच दिसावी. फटीभोंवतालची सुटी पट्टी मेजाशीं सपाट बसलेली असावी. ती खालीं-वर असल्यास फळी तेथें अडखळते. चकतीवरील झांकण जागेवर बसवावें. शेवटीं प्लग लावून यंत्र एकदां लाकडाशिवाय चालवून पाहावें, व खडखड अथवा कंप जाणवल्यास तत्काळ बंद करावें.

मांडणी झाल्यावर वर्तनाचे नियम येतात. ते थोडे आहेत, पण त्यांस अपवाद नाहीं. चकतीच्या अगदीं समोर उभें न राहतां एका बाजूस उभें राहावें. फळी फेन्सच्या किंवा मायटर गेजच्या आधाराशिवाय, नुसत्या हातानें, कधींही ढकलूं नये. आडवें कापतांना दोहोंचा आधार एकाच वेळीं घेऊं नये. तसें केल्यास सुटा झालेला तुकडा फेन्स व चकती यांमध्यें अडकून उसळतो. फेन्स व चकती यांमधील अंतर एका वितीहून कमी असल्यास हाताऐवजीं ढकलकाठी वापरावी. चकती फिरत असतांना तुकडे हातानें वेंचूं नयेत. हातमोजे, लांब बाह्या, टाय, ओढणी, बांगड्या यांस या यंत्रापाशीं जागा नाहीं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा व नाकावर योग्य मुखपट्टी असावी. लाकडाची धूळ मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांपैकीं एक आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालींच दिला आहे. वापरलेल्या लाकडांत खिळा राहिला आहे काय, हेंही कापण्यापूर्वीं पाहावें.

येथें एका प्रचलित रीतीविषयीं लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. आपल्याकडे इमारतींच्या कामावर पुष्कळ ठिकाणीं हातांत धरावयाचें विजेचें कटर प्लायवुडच्या टेबलाखालीं उलटें बसवितात, त्याचें बटण दोरीनें किंवा चिकटपट्टीनें कायमचें दाबून ठेवतात, आणि त्यावर फळ्या चिरतात. त्या कारागिरांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. चांगलें यंत्र महाग असतें, व ते आपल्या कौशल्यानें उणीव भरून काढूं पाहतात. परंतु वरील सहा कलमें या मांडणीस लावून पाहावीं. विभाजक पट्टी नाहीं, झांकण नाहीं, फेन्सच्या जागीं एखादी लाकडी पट्टी, तीही डोळ्यांच्या अंदाजानें ठोकलेली, आणि बंद करण्याचें बटण टेबलाखालीं, हाताच्या टप्प्याबाहेर. कौशल्य यांपैकीं एकाचीही जागा घेऊं शकत नाहीं. कारण चिमटलेलें लाकूड उस्तादास व उमेदवारास सारखेंच फेंकतें. ज्याचें पोट बोटांवर आहे, त्याचीं दोन बोटें गेलीं म्हणजे घरांतील चूल व मुलांची शाळा हींही डळमळूं लागतात.

शिवाय अशा टेबलापाशीं लाकूड ओढण्यास बहुधा नवशिका मुलगाच उभा केलेला असतो. आपल्या देशांत १९४८ सालीं झालेल्या कारखाने अधिनियमानें असें ठरविलें होतें कीं, धोकादायक यंत्राचे धोके पूर्णपणें समजावून दिल्याशिवाय, व पुरेसें शिक्षण अथवा जाणत्याची देखरेख असल्याशिवाय, तरुणास त्यावर कामास लावूं नये. तो कायदा कारखान्यांपुरता होता. त्यामागील न्याय मात्र उघड्या अंगणांतील टेबलासही लागू आहे. आमच्या कोणा विद्यार्थ्यावर असा प्रसंग आला, तर ‘मला हें अजून शिकविलेलें नाहीं’ असें नम्रपणें व स्पष्टपणें सांगण्यांत त्यानें कमीपणा मानूं नये.

विज्ञानानें या कामीं कांहीं साहाय्य केलें आहे. अमेरिकेंतील स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं एक युक्ति शोधली, व २००४ पासून सॉस्टॉप नांवानें तशीं यंत्रें विकलीं जाऊं लागलीं. चकतींत अतिशय सौम्य विद्युत्-संकेत खेळविलेला असतो. त्वचेचा स्पर्श होतांच तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो, आणि चकती सुमारे ५ सहस्रांश सेकंदांत थांबते. सेकंदास ३० सेंटिमीटर वेगानें चाललेलें बोट तेवढ्या वेळांत दीड मिलिमीटरच पुढें जातें; जेथें बोट जावयाचें तेथें ओरखड्यावर निभावतें. तथापि हें यंत्र फार महाग आहे, आणि लाकडाची उसळी या युक्तीनें थांबत नाहीं. ती थांबविण्यास समांतर फेन्स व विभाजक पट्टी हींच लागतात. त्यांस फारसा खर्च नाहीं. गुण्या, खडू व अर्धा तास एवढेंच पुरे.

आमची सूचना अशी कीं, वरील सहा कलमें मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राजवळील भिंतीवर लावावीं, व चकती बदलल्यावर आणि यंत्र हलविल्यावर प्रत्येक वेळीं तीं क्रमानें तपासावीं. घाईच्या दिवशीं तर अवश्य तपासावीं. परमेश्वरानें दिलेले हात एकदांच मिळतात. ज्या धंद्यांत आपल्या तारणाऱ्यानें स्वतःचे हात झिजविले, त्या धंद्यांत आपल्या मुलांचे हात अखेरपर्यंत शाबूत राहतील अशी व्यवस्था करणें, हा शिक्षकाच्या, मालकाच्या व कारागिराच्या धर्माचाच एक भाग होय, असें आम्ही मानतों.