‘पर्सिव्हिअर’ की ‘पर्सिस्ट’?

प्रश्न : दोन्ही क्रियापदांचा अर्थ शब्दकोशात ‘चिकाटीने करत राहणे’ असाच सापडतो. मग फरक काय?

उत्तर : आधी कर्ता पाहा. ताप, पाऊस, खोकला ‘पर्सिस्ट’ होतात. ‘पर्सिव्हिअर’ माणूसच करतो, तेही अडचणींना न जुमानता. हेका धरून चुकीचं वागत राहणाऱ्यालाही ‘पर्सिस्ट’च शोभतं. ‘पर्सिव्हिअर’ला थेट कर्म मात्र लावू नका, मुलांच्या निबंधांत ही चूक हमखास दिसते. ‘शी पर्सिव्हिअर्ड हर स्टडीज’ नव्हे, ‘शी पर्सिव्हिअर्ड विथ हर स्टडीज’. ‘इन’ही चालतं. उच्चारात जोर शेवटच्या ‘व्हिअर’वर. नाम ‘पर्सिव्हिअरन्स’, फेब्रुवारी २०२१मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या रोव्हरला हेच नाव आहे, आणि ते एका शाळकरी मुलाने सुचवलं होतं.