घर पाहावे बांधून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, गेली पंचवीस वर्षे गवंडीकाम करतात. त्यामुळे या म्हणीचा पहिला अर्धा भाग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मला स्वतःला मात्र सरळ वीट लावता येत नाही. तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक घर बांधले. ते इंटरनेटवर आहे व त्याला वेबसाइट किंवा संकेतस्थळ म्हणतात. हे काम सायन्सच्या मुलांचे, इंग्रजी येणाऱ्यांचे, असे मलाही वाटत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे विचारायचे कोणाला, हाही प्रश्न होता. म्हणून जे मी चुकतमाकत शिकलो, ते कलाशाखेच्या मित्रमैत्रिणींसाठी येथे क्रमाने मांडीत आहे.

घराला तीन गोष्टी लागतात : जागा, पत्ता आणि बांधकाम. संकेतस्थळाचेही तसेच आहे. रात्रंदिवस चालू असणारा व इंटरनेटला जोडलेला संगणक म्हणजे सर्व्हर. त्याच्यावर आपल्या फाइली ठेवायला मिळणे म्हणजे होस्टिंग. ही झाली जागा. लोक जे नाव टाकून तेथे पोहोचतात ते डोमेन. हा झाला पत्ता. स्वतःच्या नावाचे डोमेन दरवर्षी पैसे भरून टिकवावे लागते. २०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरी पत्ताही मिळू लागला आहे. परंतु नवशिक्याने प्रथम फुकटची जागा व तिच्यासोबत मिळणारा पत्ता घ्यावा. मी 'गिटहब पेजेस' ही सेवा वापरली.

ही सारी व्यवस्था टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने जिनिव्हाजवळील 'सर्न' या संस्थेत १९८९ मध्ये सुचविली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. म्हणूनच आज माझ्यासारख्याला पान लिहिण्यासाठी कोणाची परवानगी किंवा परवाना लागत नाही.

आता बांधकाम. पान ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. तिच्यासाठी महागडे साहित्य नको. संगणकातील साधे नोटपॅड पुरते. या भाषेत मजकुराच्या अलीकडे व पलीकडे कोनी कंसांत खुणा लिहितात, त्यांना टॅग म्हणतात. मथळ्यासाठी 'एच' हे अक्षर व एक ते सहा यांपैकी एक अंक, परिच्छेदासाठी 'पी', दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या दुव्यासाठी 'ए', चित्रासाठी 'आयएमजी'. मजकूर संपला की तीच खूण तिरपी रेघ घालून पुन्हा लिहायची. चित्राच्या खुणेला मात्र अशा जोडीची गरज नसते. एवढ्या चार-पाच खुणांवर पहिले पान उभे राहते. टॅग इंग्रजी अक्षरांत असले तरी मधला मजकूर खुशाल मराठीत लिहावा. रंग, अक्षरांचा आकार, समास यांसाठी सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे. तो झाला गिलावा आणि रंग. भिंती उभ्या राहण्यापूर्वी गिलाव्याच्या मागे लागू नये.

पानाच्या डोक्यात, म्हणजे 'हेड' या भागात, दोन ओळी विसरू नयेत. पहिली, अक्षरसंच 'यूटीएफ-८' असल्याचे सांगणारी. ती नसेल तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात. दुसरी, 'व्ह्यूपोर्ट'ची, ती नसेल तर मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात. फाइल साठविताना 'ऑल फाइल्स' हा प्रकार निवडून 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे. मुख्य पानाचे नाव हेच असावे, कारण पत्ता टाकल्यावर सर्व्हर प्रथम तेच पान शोधतो.

तयार फाइली सर्व्हरवर चढविणे म्हणजे अपलोड. त्यासाठी एफटीपी नावाची जुनी पद्धत आहे. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला, हे वाचून मला फार आनंद झाला. गिटहबवर मात्र हे काम ब्राउझरमधूनच होते. खाते उघडावे, आपल्या खात्याच्या नावापुढे 'डॉट गिटहब डॉट आयओ' असे नाव देऊन सार्वजनिक रिपॉझिटरी तयार करावी आणि 'अपलोड फाइल्स' येथून फाइली चढवून 'कमिट' करावे. थोड्या वेळात पान जगाला दिसू लागते.

माझे पान दिसू लागले, पण त्यातील फोटो दिसेना. चुलतभावाच्या लॅपटॉपवर तर तो व्यवस्थित दिसत होता! मी रात्री बारापर्यंत डोके धरून बसलो. आण्णा उठून पाणी प्यायला आले. त्यांना काय कळणार असे मनात आले, तरी सांगितले. ते म्हणाले, "आरं, वळंबा लावून बघितलास का? भित डोळ्याला सरळच दिसती." मी एकेक अक्षर पुन्हा तपासले. फोटोच्या फाइलच्या नावात कॅपिटल अक्षरे होती आणि पानात मी तेच नाव लहान अक्षरांत लिहिले होते. आपला घरचा विंडोज संगणक हा फरक बहुधा मनावर घेत नाही, पण तेथील सर्व्हर घेतो. तेव्हापासून सर्व फाइलींची नावे मी लहान अक्षरांत व मध्ये जागा न सोडता लिहितो. आण्णांना काय कळणार, असे मात्र पुन्हा मनात आणले नाही.

घरात काय मांडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. फोन नंबर, घरचा पत्ता, आधार क्रमांक मात्र तेथे ठेवू नये. ते दार सगळ्या जगाला उघडे असते. मी माझ्या दोन कविता ठेवल्या आणि एक यादी ठेवली. आण्णांनी बांधलेल्या घरांची. त्या घरांच्या दारांवर मालकांच्या नावांच्या पाट्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण बांधणाऱ्याचे नाव त्यांपैकी एकाही भिंतीवर नाही. माझ्या पानावर ते पहिल्या ओळीत आहे.

सकाळी मोबाइलवर त्यांना ते दाखविले. चौथीपर्यंत शिकलेल्या आण्णांनी यादी बोट ठेवून वाचली. एका घराचे साल चुकले होते, ते दुरुस्त करायला लावले. मग विचारले, "भाडं किती?" फुकट आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग जागा दुसऱ्याची हाय. उद्या उठ म्हणला तर सामान आपल्यापाशी पायजे." त्याच दिवशी मी सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. वाचकांनीही घ्यावी.