घरातली खुडबुड : करू द्या, थांबवू नका

सकाळी साडेदहाची वेळ. मुले शाळेत, मुलगा कामावर. निवृत्त झालेले आजोबा पलंगावर टीव्हीसमोर बसलेले असतात. मध्येच उठतात. पाण्याच्या पिंपावरचे झाकण सरळ करतात, खिडकीत डब्यात लावलेल्या कोरफडीला पाणी घालतात, रद्दीची चळत नीट लावतात, सैल झालेला खिळा ठोकतात. तेवढ्यात आतून आवाज येतो, "बाबा, कशाला खुडबुड करताय? बसा ना जरा निवांत." आजोबा पुन्हा पलंगावर बसतात.

हे "बसा" प्रेमापोटी म्हटलेले असते. ज्या बापाने जन्मभर अंगमेहनत केली, ज्या आईने दुसऱ्यांची घरे झाडली, त्यांना म्हातारपणी तरी बसून खाऊ घालावे, असे आपल्या प्रत्येक घराला वाटते. त्यात मान आहे, कृतज्ञता आहे. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. चाळीस वर्षे हलणारे शरीर एकदम बसवले की ते विश्रांती घेत नाही, गंजू लागते. म्हणून या वेळी आपण या खुडबुडीकडेच आरोग्याच्या नजरेने पाहू.

खुडबुड म्हणजे काय?

कसलाही बेत न ठरवता घरात इकडून तिकडे जाणे, हाताला येईल ते छोटे काम करणे, म्हणजे खुडबुड. कपड्यांच्या घड्या घालणे, डबे पुसणे, तांदूळ निवडताना मध्येच उठून दार लावणे, चप्पल ओळीने मांडणे. हा व्यायाम नव्हे. यात घाम येत नाही, दमही लागत नाही. म्हणूनच आपण तिला मोजत नाही. शरीर मात्र तिची नोंद ठेवते.

शरीरात काय घडते?

आपण बसतो तेव्हा मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ बंद असतात. हे स्नायू हलू लागले की रक्तातली साखर इंधन म्हणून ओढून घेतात. मधुमेहात इन्सुलिन नीट काम करत नसले तरी हलणारा स्नायू साखर घेऊ शकतो. म्हणून मधुमेही माणसाला जेवणानंतरची हालचाल विशेष उपयोगी.

दुसरे काम पोटऱ्यांचे. पायांतले रक्त वर हृदयाकडे परत ढकलायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसले की हा पंप थांबतो. संध्याकाळी घोट्यांवर सूज येते, पाय जड होतात.

तिसरी गोष्ट तोलाची. उठणे, वाकणे, वळणे, हात वर नेणे यांतून तोल सांभाळण्याची सवय टिकून राहते. वय वाढते तसे स्नायू कमी होत जातातच. वापरले नाहीत तर आणखी भराभर कमी होतात. मग एक दिवस मोरीतून उठताना तोल जातो आणि मांडीच्या खुब्याचे हाड मोडते. कमावणारी दोनच माणसे असलेल्या घराला असे एक हाड मोडणे किती महाग पडते, हे वस्तीत वेगळे सांगायला नको.

अभ्यास काय सांगतात?

१९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवले की चालक मुळातच थोडे जाड होते. म्हणजे सगळा फरक बसण्यामुळेच होता असे नाही. तरीही हालचाल आणि हृदय यांचे नाते तपासायला तिथून मोठी चालना मिळाली.

१९९९ साली अमेरिकेत जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खायला दिल्या. काहींच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही, तर काहींच्या अंगावर चार किलोंहून अधिक चढली. ज्यांची उठबस, चुळबूळ आणि किरकोळ हालचाल आपोआप वाढली होती, त्यांच्यात चरबी कमी साठली.

२०१२ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात जास्त वजनाच्या १९ जणांना साखर व चरबीयुक्त पेय देऊन पाच तास बसवले. दुसऱ्या एका दिवशी त्यांनाच तेच पेय देऊन दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटे चालायला लावले. सावकाश चालूनही त्यांच्या रक्तातली साखरेची वाढ सुमारे पाव हिश्श्याने कमी झाली.

पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल जागतिक आरोग्य संघटना हिशेबात धरत नसे. २०२० च्या मार्गदर्शनात तिने ही अट काढून टाकली. थोडीशी हालचालही काहीच नसण्यापेक्षा चांगली, असे आता तिचे सांगणे आहे. मात्र प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम दमाची हालचाल करावी, ही शिफारस कायम आहे. म्हणून खुडबुड ही भरभर चालण्याची जागा घेत नाही. ती बसण्याची जागा घेते.

चालण्याचे मोल आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. अंगुत्तर निकायातल्या चंकमसुत्तात चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. आजार कमी होणे आणि खाल्लेले अन्न नीट पचणे हे त्यांतलेच दोन.

मनाचे काय?

निवृत्तीनंतर माणसाला सगळ्यात जास्त टोचते ते "आता माझा उपयोग नाही" हे वाटणे. खिळा ठोकणारा, नातवाच्या दप्तराचा पट्टा शिवणारा माणूस घरात अजून लागतो. ते काम आपण त्याच्या हातून काढून घेतो तेव्हा त्याच्या पायांबरोबर त्याचे मनही बसते. काम हळू होईल, थोडे वाकडेही होईल. होऊ द्या. त्यांनी घडी केलेली चादर त्यांच्यासमोर पुन्हा मोडून घालू नका.

कोणाला हालचाल, कोणाला विश्रांती?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पहाटे पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करून परत येऊन स्वयंपाक करणारी बाई हा लेख वाचत असेल, तर हा सल्ला तिच्यासाठी नाही. तिच्या शरीराला हालचाल नव्हे, पाय वर घेऊन अर्धा तास पडण्याची गरज आहे. घरातल्या कोणीही "बसू नकोस, बसणे वाईट असते" असे तिला या लेखाचा आधार घेऊन सांगू नये.

हा सल्ला आहे तो निवृत्त आजी-आजोबांना, रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्यांना, वॉचमनच्या खुर्चीत बारा तास काढणाऱ्यांना, शिलाई मशीनवर किंवा घरी मणी ओवायला बसणाऱ्या भगिनींना, मोबाइल घेऊन लोळणाऱ्या तरुणांना. आणि कामावरून येऊन "चहा आण" म्हणणाऱ्या पुरुषांनाही. त्यांनी घरात खुडबुड केली, चार भांडी घासली, मोरी धुतली, तर एकाच्या शरीराला हालचाल मिळेल आणि दुसरीच्या शरीराला विश्रांती. एका कामात दोघांचे औषध.

दहा बाय बाराच्या खोलीत कसे करावे?

• टीव्हीवर जाहिरात लागली की उठा. पाणी प्या, दारापर्यंत जाऊन या.
• जेवण झाल्याबरोबर आडवे होऊ नका. ताट स्वतः उचला, दहा मिनिटे गल्लीत फिरा.
• फोनवर बोलताना उभे राहा.
• पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधे सगळे उशाशी ठेवू नका. थोडे उठावे लागेल असे ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तोल जाणाऱ्या माणसाच्या वस्तू मात्र हाताशीच असाव्यात.
• शिलाई किंवा मणीकाम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवावेत.

सावधगिरी

• माळ्यावरचे सामान काढायला वृद्धांनी स्टुलावर चढू नये.
• मोरीतले शेवाळ घासून काढा. ओल्या फरशीवर कोरडे फडके टाका. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा.
• मधुमेह असलेल्यांनी घरातही चप्पल घालावी. पायाला टोचलेले कळत नाही आणि जखम चिघळते.
• रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी झोपेतून एकदम उठू नये. आधी काठावर बसावे, मिनिटभराने उभे राहावे.
• भरलेला हंडा कमरेतून वाकून उचलू नये. गुडघे वाकवून उचलावा, नाहीतर दोन कळशा कराव्यात.

दवाखान्यात केव्हा जावे?

घरातल्या घरात फिरतानाही दम लागणे किंवा छातीत दडपण येणे, एकाच पायाला सूज व दुखणे, वारंवार तोल जाणे, ही लक्षणे अंगावर काढू नका. छातीत दडपण थांबतच नसेल तर तत्काळ रुग्णालय गाठा.

आणखी एक. नेहमीची खुडबुड आणि हरवल्यासारखे फिरणे यांत फरक आहे. आजी तीच वस्तू पुन्हा पुन्हा शोधत असेल, गॅस बंद करायला विसरत असेल, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकत असेल, तर ते "वय झाले" म्हणून सोडू नका. तो स्मृतिभ्रंश असू शकतो. नवीन औषध सुरू केल्यावर कोणी एका जागी बसूच शकत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा आणि करून घ्या.

उद्या सकाळी आजोबा पुन्हा उठतील, पिंपाचे झाकण सरळ करतील. तेव्हा "बसा" म्हणू नका. म्हणा, "बाबा, झालं की जरा त्या कोरफडीकडे पण बघा."